समुद्राविना बेट : लातूर–नांदेडच्या वाटांचा इतिहास

मराठीत ‘बेट’ हा शब्द पाण्याने वेढलेल्या भूमीला लागतो, कळकाच्या दाट जाळीला लागतो, आणि सपाट मुलखात एकट्या उठलेल्या टेकाडालाही लागतो. म्हणूनच उदगीर तालुक्यातील देवर्जनजवळच्या टेकडीचे ‘हत्तीबेट’ हे नाव, समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर असूनही, तिथल्या कोणाला चमत्कारिक वाटत नाही. या शब्दाचा आणखी एक, राजकीय म्हणता येईल असा अर्थ लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या इतिहासात दडलेला आहे. हा मुलूख ज्या हैदराबाद संस्थानात मोडत होता, त्याचा विस्तार सुमारे ८२ हजार चौरस मैल होता, त्याचे स्वतःचे नाणे होते, स्वतःचे टपाल होते, सीमेवर स्वतःचे जकातनाके होते, आणि किनारा मात्र हातभरही नव्हता. अशा कोरड्या बेटावरून माणूस आणि माल कसा हलला, कोणत्या वाटेने बाहेर पडला आणि बाहेरचे काय आत आले, हे पाहू लागले की आज लातूरहून नांदेडला मोटारीने तीन-एक तासांत उरकणारा प्रवास किती नवा आहे, आणि त्याच्या कडेची गावे किती जुन्या हिशेबाने वसलेली आहेत, ते ध्यानात येते.

या भागातील वाटांचा सर्वांत जुना लेखी उल्लेख परक्याच्या हातचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर या दोन बाजारपेठांची नावे येतात. तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे आणि तिथून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोच बंदराकडे नेली जात असल्याचे तो नोंदवतो. तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील, लातूरच्या पश्चिमेचे तेर, ही ओळख विसाव्या शतकाच्या आरंभी फ्लीट या संशोधकाने पक्की केली. या नोंदीत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत : कापूस आणि कापड ही या काळ्या जमिनीची निर्यात तेव्हाही होती, आणि रस्ता नसणे ही तिची तक्रारही तेव्हापासूनची आहे. पुढे राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लत्तलूर’ या श्रेष्ठ नगरीचे अधिपती म्हणवू लागले, आणि हे लत्तलूर म्हणजे आजचे लातूर असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांच्याच काळात कंधारला मोठे नगर उभे राहिले आणि तिथल्या विस्तीर्ण तलावाला ‘जगत्तुंग समुद्र’ हे नाव मिळाले. समुद्र नसलेल्या मुलखाने आपल्या तळ्यालाच समुद्र म्हणावे, यात राजबिरुदाचा डौल आहे. पण चार महिने पावसाच्या आणि आठ महिने विहिरीच्या भरवशावर जगणाऱ्यांना एवढे साठवलेले पाणी समुद्रासारखे वाटले असेल, तर तेही अगदी खोटे नव्हे.

औसा, उदगीर, कंधार आणि दूर ईशान्येला माहूर, हे चार किल्ले नकाशावर जोडले तर मध्ययुगातील लष्करी वाटांची रेघ आपोआप उमटते. एका मजलीत म्हणजे फौजेच्या एका दिवसाच्या चालीत जेवढे अंतर तुटे, त्याच्या दोन-तीन पटींवर यांतले पहिले तीन किल्ले उभे आहेत, आणि या किल्ल्यांमधून जाणाऱ्या वाटा बीदर, गोवळकोंडा आणि गोदावरीचे उतार यांना जोडत होत्या. मोगलांनी १६३०च्या दशकात कंधार, उदगीर आणि औसा एकामागून एक घेतले, ते याच वाटांसाठी. १७०८ मध्ये बादशहा बहादुरशहाच्या दक्षिणेकडील स्वारीबरोबर गुरू गोविंदसिंग नांदेडला आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथेच त्यांचे देहावसान झाले. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात तिथे बांधवलेल्या सचखंड गुरुद्वारामुळे गोदाकाठचे हे तीर्थ पंजाबच्या वाटेला कायमचे जोडले गेले. १७६० च्या आरंभी सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला उदगीरजवळ कोंडीत पकडले. निजामाशी तह आटोपून मराठ्यांचे सैन्य परतूरला पोहोचले आणि मार्चमध्ये तिथूनच उत्तरेकडे निघाले. उदगीर ते पानिपत ही वाट इतिहासाच्या पुस्तकांत एका परिच्छेदात संपते. ती चालणाऱ्यांना मात्र दाणागोटा लागत होता, आणि तो पुरवणाऱ्यांची दखल फौजेच्या इतिहासात फारशी घेतली गेलेली नाही.

तो पुरवठा बंजाऱ्यांचा होता. ‘तांडा’ म्हणजे बैलांच्या कळपासह फिरणारी वस्ती, ‘नायक’ म्हणजे तिचा प्रमुख, आणि ‘लदेणी’ म्हणजे बैलांच्या पाठीवर गोणी लादून करायचा व्यापार, हे तीन शब्द कळले की रेल्वेपूर्व दख्खनच्या दळणवळणाचा गाभा हाती येतो. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात भेटलेल्या एका तांड्यात १४ हजार बैल होते आणि तो दिवसाला सहा-सात मैलांहून अधिक चालत नव्हता, कारण बैलांना वाटेतच चरू द्यायचे असे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए यानेही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे, आणि अशा तांड्याची गाठ पडली की इतरांना तो संपेपर्यंत वाट सोडून थांबावे लागे, असे तो सांगतो. मोगलांच्या दक्षिणेच्या स्वाऱ्यांबरोबर भंगी आणि जंगी या नायकांचे तांडे इकडे उतरले, असे बंजाऱ्यांच्या परंपरेत सांगितले जाते. या बैलांना आखलेला रस्ता लागत नव्हता. गोणी पाठीच्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाने लोंबत असल्यामुळे खिंडीतून, ओढ्याच्या पात्रातून, झाडीतून माल जाई. गवत आणि पाणी असेल ती वाट, असा सरळ हिशेब होता.

आत येणाऱ्या मालात पहिला मान मिठाचा होता. ज्वारी, तूर, करडई, कापूस, गूळ, तूप यांपैकी कशाचीच वाण या मुलखाला नव्हती. नांदेडच्या तलम कापडाला आणि जरीकाठी लुगड्यांना तर दूरवर नाव होते. पण मीठ हे कोणत्याही काळ्या जमिनीत पिकत नाही. किनाऱ्याकडच्या मिठागरांचे मीठ घाट चढून येई, आणि बैल परत जाताना त्याच गोण्यांत धान्य भरले जाई. समुद्र नसलेल्या मुलखाशी समुद्राचे नाते ते एवढेच, भाकरीच्या पिठातल्या चिमटीएवढे. रेल्वे आल्यावर लदेणी बसली. ब्रिटिश मुलखात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरस्त्या लोकांकडे संशयाने पाहण्याची रीतच सरकारी केली, आणि ज्यांच्या बैलांवर बादशाही फौजा जेवल्या त्यांची नावे चौकीच्या वहीत चढू लागली. आज किनवट, माहूर, मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर या तालुक्यांत गावोगावी जे तांडे दिसतात, ते बहुतेक त्या थांबलेल्या प्रवासाचे मुक्काम आहेत.

बैलांच्या पाठीची जागा गाडीने घेतली खरी, पण हे दोन जिल्हे ज्या काळ्या चिकण मातीवर पसरले आहेत ती गाडीची वैरीण आहे. उन्हाळ्यात ही माती हात जाईल एवढ्या भेगांनी फुटते आणि पहिल्या चार पावसांत तिची राड होते. मग चाक आखापर्यंत रुतते, बैल गुडघे टेकतात, आणि माणसे खांदा लावतात. ‘चाकोरी’ हा शब्द आज ठरीव आयुष्यासाठी वापरला जातो, पण मुळात ती चाकांनी कापलेली खोल जोडरेघ. एकदा ती पडली की मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला त्याच रेघेतून जावे लागे, आणि समोरून दुसरी गाडी आली तर कोणी बैल काढायचे यावरून भांडण ठरलेले असे. चाकाचे काम सुतार आणि लोहार मिळून करीत. मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, आरे ज्यांत रुततात त्या वाकड्या पाट्या, आणि या सगळ्याला बाहेरून आवळणारी लोखंडी ‘धाव’ असा त्याचा घाट असे. धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करीत. गोवऱ्यांच्या वर्तुळाकार आगीत ती लाल होईपर्यंत तापवून फुगली की सांडशांनी उचलून चाकावर बसवीत, घणांचे दोन-चार ठोके देत आणि लगेच घागरीने पाणी ओतीत. चर्र आवाज होऊन धाव आकसे, लाकडाचे सांधे कचकन आवळले जात, आणि ते चाक पुढची काही वर्षे तरी ढिले होत नसे. बायकामाणसांच्या प्रवासाला आच्छादनाची हलकी ‘दमणी’ असे, मालाला मोठी गाडी असे, आणि आखाला वंगण घालण्याचा नळा दोन्हींच्या दांडीला टांगलेला असे. वाटा पावसाळ्यात बंद आणि दसऱ्यानंतर खुल्या, या क्रमाला या भागाचे यात्राबाजारही जुळलेले दिसतात : लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते, लातूरच्या सिद्धेश्वराची महाशिवरात्रीला, म्हणजे वाट वाळली आणि खळे उरकले की.

एकोणिसाव्या शतकात या वाटांवर राज्यसंस्थेची मोहोर अधिक ठळक उमटली. पहिल्या सालारजंग या दिवाणाने १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, म्हणजे जुन्या मक्तेदारीच्या जागी जिल्हे आणि तालुके आखले, आणि त्याबरोबर अधिकाऱ्यांचे दौरे सुरू झाले. दौऱ्यावरच्या साहेबाचा तंबू, पलंग, भांडी आणि कागदपत्रांच्या पेट्या एका गावाच्या शिवेपासून पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत गावकऱ्यांनी विनामोबदला पोहोचवायच्या, या पद्धतीला ‘वेठ’ म्हणत. पेरणीच्या दिवसांत गाडी वेठीला धरली गेली की त्या घरचा हंगामच चुके. दुसरी मोहोर ‘करोडगिरी’ची. करोडी हा मोगल अमदानीतील महसुली अंमलदार. त्या पदावरून आलेला हा शब्द निजामी मुलखात सीमेवरच्या जकातीला रूढ झाला. शेकडा पाच हा जकातीचा दर १८०२ च्या व्यापारी तहापासूनचा. त्याशिवाय ‘हाली’ म्हणजे संस्थानी रुपया आणि कंपनीचा ‘कलदार’ रुपया यांच्या भावातला फरक होताच, कारण सहा कलदारांना सात हाली असा साधारण बाजार चाले.

या जकातीमुळे लातूरच्या पश्चिमेला एक उलटे बेट तयार झाले होते. बार्शी हे गाव ब्रिटिशांच्या सोलापूर जिल्ह्यात होते, पण त्याच्या जवळजवळ सर्व बाजूंना निजामाचा मुलूख होता. साहजिकच बालाघाटच्या पठारावरचा कापूस आणि धान्य नाका ओलांडून बार्शीच्या पेठेत ओतले जाई, आणि लातूरचा व्यापारी राज्याने हैदराबादचा असला तरी हिशेबाने बार्शीचा होता. १८६०च्या सुमारास जीआयपी रेल्वे सोलापूरपर्यंत पोहोचली तेव्हा बार्शीला जवळचे स्टेशन म्हणजे कुर्डुवाडी, आणि त्याचे रेल्वेतील नाव ‘बार्शी रोड’. हे ‘रोड’ नीट समजून घ्यायला हवे, कारण या मुलखाच्या इतिहासातला तो फार बोलका शब्द आहे : गाव रुळापासून दूर राहिले तर जिथून त्या गावाची सडक फुटते त्या स्टेशनाला गावाचे नाव आणि पुढे ‘रोड’ जोडण्याचा रेल्वेचा परिपाठ होता. कुर्डुवाडीला बार्शी नाही, बार्शीची सडक आहे. पुढे विकाराबाद–परळी मार्गावर उभ्या राहिलेल्या ‘लातूर रोड’लाही लातूर नाही, चाकूरच्या बाजूने लातूरकडे जाणारी सडक तेवढी आहे. ‘रोड’ लागलेले स्टेशन म्हणजे हुकलेल्या रेल्वेची पावतीच.

बार्शीची ही अडचण एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने दूर केली. त्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली. दोन रुळांमधले अंतर, म्हणजे गेज, अवघे अडीच फूट होते, आणि कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही या एका नियमावर तिचे इंजिन, डबे, पूल आणि रूळ बेतलेले होते, त्यामुळे हलके रूळ आणि स्वस्त पूल पुरले. १९११ मध्ये ती येडशी, ढोकी, मुरूड करीत लातूरला पोहोचली. दुसऱ्या टोकाला ती पंढरपूरमार्गे १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. कापसाच्या गाठी आणि वारकरी हे तिचे दोन मुख्य प्रवासी, आणि दोन्ही दाटीवाटीने बसणारे. अडचण एकच होती : कुर्डुवाडीला रुंद रुळांची गाडी पकडताना प्रत्येक गाठ, प्रत्येक पोते हमालाच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात न्यावे लागे. ही कंपनी १९५४ मध्ये सरकारने घेतली, आणि लातूर–कुर्डुवाडी मार्ग रुंद व्हायला त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ, म्हणजे २००८ पर्यंतचा, जावा लागला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरचे नळ कोरडे पडले तेव्हा मिरजेहून पाण्याच्या टाक्यांची गाडी आली ती याच मार्गाने. पहिल्या फेरीत दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. मीठ पुरवणाऱ्या जुन्या वाटेने पाणी आणावे लागेल, हे कॅल्थ्रॉपच्या गणितात नव्हते.

नांदेडची गोष्ट वेगळ्या दिशेने घडली. मनमाड ते सिकंदराबाद ही मीटर गेजची गोदावरी खोरे रेल्वे १९००च्या आगेमागे खुली झाली आणि नांदेड एकदम मुंबई व हैदराबाद या दोन्हींच्या टप्प्यात आले; त्यामागोमाग जिनिंग–प्रेसिंगचे कारखाने आणि पुढे उस्मानशाही मिल उभी राहिली. परिणाम असा की लातूरचे तोंड पश्चिमेला बार्शीकडे आणि नांदेडचे वायव्य–आग्नेय रुळाकडे वळले, आणि शेजारच्या या दोन गावांनी एकमेकांकडे पाठ केली. आजही लातूरहून नांदेडला रेल्वेने जायचे तर लातूर रोड, परळी, परभणी, पूर्णा असा वळसा पडतो. या दोन शहरांना जोडणारा सरळ रूळ अजून नाही, मागणी मात्र जुनी आहे. राजकीय जागृतीसुद्धा रुळाला धरूनच चालली, असे म्हणायला जागा आहे : संस्थानातील मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेची पहिली अधिवेशने परतूर (१९३७), लातूर (१९३८) आणि उमरी (१९४१) इथे भरली, आणि तिन्ही गावांना स्टेशन आहे. या जागृतीचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या कार्यकर्त्यांना स्टेशनापासून पुढे मात्र पायी किंवा गाडीनेच जावे लागे.

ही पोकळी मोटारीने भरली. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने आपला रस्ते वाहतूक विभाग सुरू केला. २७ बस आणि १६६ कर्मचारी एवढा त्याचा पहिला संसार होता. हिंदुस्थानात इतरत्र मोटारी खासगी मालकांच्या होत्या आणि रेल्वेचे उतारू पळवत होत्या. हैदराबादने रेल्वेकडेच मोटारी सोपवून ही स्पर्धा मुळातच होऊ दिली नाही, आणि त्यामुळे सुरुवातीच्या बसगाड्यांचे काम प्रामुख्याने रुळाला उतारू आणून देण्याचे राहिले. ग्लासगोच्या आल्बियन कंपनीच्या त्या बसगाड्यांच्या क्रमांकात येणारे इंग्रजी ‘झेड’ हे अक्षर निजामाच्या आईच्या, झहरा बेगमच्या, नावावरून घेतले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पुढे आंध्र आणि तेलंगणच्या सरकारी बसगाड्यांवर ते अक्षर टिकून राहिले, हे मात्र दिसते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मीळ झाले तेव्हा देशभर अनेक मोटारींच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवून तिच्या वायूवर त्या चालवल्या गेल्या. निघण्यापूर्वी क्लीनरने ती भट्टी फुलवायची आणि चढ आला की उतारूंनी उतरून चालायचे, ही त्या काळच्या प्रवासाची रीत होती.

१९४८ मध्ये या कोरड्या बेटाची कोंडी पूर्ण झाली. संस्थान भारतात विलीन होईना, भारताकडून येणाऱ्या पेट्रोल, मीठ, औषधे अशा जिनसांचा ओघ आटू लागला, आणि निजामाच्या बाजूने पोर्तुगिजांकडून मार्मागोवा बंदर मिळवण्याच्या हालचालीही झाल्या. किनारा नसण्याची उणीव इतकी उघडी यापूर्वी कधी पडली नव्हती. सीमेपलीकडच्या गावांत स्वातंत्र्यसैनिकांच्या छावण्या पडल्या. पैनगंगेपलीकडच्या उमरखेडच्या छावणीतील सैनिकांनी ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीच्या बँकेवर छापा घातला, आणि त्या पैशाचा चोख हिशेब ठेवून तो पुढे सरकारला सादर केला. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूने शिरल्या, तेव्हा नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल शाबूत हाती येणे ही पहिल्या दिवसाची मोठी मिळकत ठरली. मोटारींच्या युद्धात किल्ल्यापेक्षा पुलाला किंमत येते. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. नोव्हेंबर १९५१ मध्ये बसविभाग रेल्वेकडून राज्य सरकारकडे आला, १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि निजामाच्या मोटारीची हळूहळू ‘यष्टी’ झाली. त्याच पुनर्रचनेत आदिलाबादमधून किनवट नांदेडला मिळाले आणि मुधोळ आदिलाबादला गेले; बीदर जिल्ह्यातून उदगीर, अहमदपूर आणि निलंगा उस्मानाबादला आले आणि १९८२ मध्ये नव्या लातूर जिल्ह्यात गेले. रस्ते मात्र इतक्या लवकर वळत नाहीत. देगलूर, उदगीर, निलंग्याकडच्या कित्येक वाटा अजूनही हैदराबाद–बीदरकडे मोकळ्या धावतात आणि आपल्याच जिल्ह्याच्या गावी जाताना अडखळतात.

या दोन जिल्ह्यांतील आतल्या रस्त्यांचा खरा बांधकाम विभाग म्हणजे १९७२ चा दुष्काळ. पाऊस गेला, विहिरी आटल्या, आणि राज्य सरकारने हाताला काम म्हणून जी कामे काढली त्यांत पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते यांचा वाटा मोठा होता. या कामांच्या अनुभवातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. कामावर जाणे याला तेव्हा ‘खडीवर जाणे’ म्हणत. काळा दगड बसल्या जागी हातोडीने फोडून मुठीएवढी, मग लिंबाएवढी खडी करायची, ती चौकोनी ढिगात रचायची आणि मोजणीदार फूटपट्टी लावील तेवढ्या मापाची मजुरी घ्यायची. उडणाऱ्या कपच्यांनी डोळे जात, म्हणून बायका पदर कपाळावर ओढून पापण्या अर्ध्या मिटून दगड फोडीत. लहान मुलांसाठी ‘सुकडी’ नावाचे कोरडे पौष्टिक पीठ मिळे, आणि त्या वर्षी शाळेत जाणाऱ्या पिढीला त्याची चव अजून आठवते. मंडळ ठिकाणांना जोडणाऱ्या कित्येक डांबरी सडकांच्या पोटात हीच हातफोड खडी आहे. अभियंत्याने आखलेल्या रस्त्यापेक्षा मजुरांच्या गावांना सोयीचा रस्ता धरण्यात आल्यामुळे असे रस्ते विनाकारण वळतात, असे कोणी म्हणते. पण ज्या वर्षी रस्त्यापेक्षा मजुरी महत्त्वाची होती, त्या वर्षी ते वळण सकारणच होते.

आजचा राष्ट्रीय महामार्ग ३६१ तुळजापूरहून निघून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करीत नांदेडला येतो आणि पुढे अर्धापूर, उमरखेड, यवतमाळवरून नागपूरकडे जातो. राज्याच्या नकाशावर तो नवा, रुंद आणि सरळ दिसतो, पण मोटारीने सावकाश जाणाऱ्याला त्यात जुन्या वाटांचे तुकडे ओळखू येतात. औशाला तो किल्ल्याच्या अंगाने येतो. लातूरमध्ये सोळा रस्ते ज्या वर्तुळात मिळतात ती गंजगोलाई लागते, हैदराबादच्या फय्याजुद्दीन या नगररचनाकाराने आखलेली. मध्ये देवीचे मंदिर आणि कडेने सराफ, चांभार, किराणा, मिरची-गूळ अशा एकेका धंद्याच्या वाटा, आणि तिचे सोळा फाटे पाहिले की गाव चारी दिशांच्या गाड्या गृहीत धरूनच मांडलेले आहे, हे कळते. शिरूर ताजबंदला उदगीर–मुखेडचा फाटा फुटतो, म्हणजे जुनी किल्ल्यांची वाट महामार्गाला आडवी जाते. त्यापुढे माळाकोळीच्या बाजूला खडकाळ माळ सुरू होतो, पीक विरळ होते आणि मेंढरांचे कळप दिसू लागतात. कंधारला जायचे तर लोह्याजवळ महामार्ग सोडावा लागतो. एके काळी राजधानीच्या योग्यतेचे असलेले हे गाव मोटारींच्या काळात मुख्य वाटेवरून बाजूला पडले, आणि कदाचित म्हणूनच खंदकाने वेढलेला त्याचा किल्ला आणि जगत्तुंग समुद्राचे पाणी यांच्या काठी अजून निवांतपणे बसता येते.

आणि लोह्याच्या अलीकडे माळेगाव. मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाच्या या माळावर घोडे, गाढवे, उंट, खेचरे आणि लाल कंधारी बैल यांचा बाजार भरतो, आणि दूरदूरच्या जिल्ह्यांतून, शेजारच्या राज्यांतूनही खरेदीदार येतात. जनावरे आता चालत येत नाहीत, ट्रकने येतात. चालक ट्रक उलटा घेत एखाद्या मातीच्या बांधाला भिडवतो, फाळका खाली पाडून त्या बांधावर टेकवतो, आणि रात्रभर उभा राहून पाय ताठलेला घोडा आधी एक खूर फाळक्यावर आपटून पाहतो, मग मालकाने लगाम ओढल्यावर खाली उतरतो. त्या चार-पाच दिवसांत महामार्गावर वाहनांची रांग लागते, पोलीस शिट्ट्या फुंकतात, नांदेड–लातूरच्या यष्ट्या उशिरा सुटतात. आणि रस्त्याच्या कडेने, त्या रांगेच्या बरोबरीने, पाठीवर रिकाम्या गोण्या टाकलेल्या गाढवांचा एखादा कळप आपल्या चालीने पुढे निघून जातो.